छावणीच्याही आधीचा नळ

कचऱ्याचं काम करणाऱ्या माणसाकडे किस्से कचऱ्यासारखेच साठतात. रोज चिमूटभर जमतात, कुणाचं लक्ष नसतं, आणि एक दिवस वळून बघावं तर डोंगर! फरक एवढाच की कचऱ्याचं काय करायचं ते मला शिकवलंय, किश्शांचं कुणी शिकवलेलं नाही. म्हणून सुट्टीवर आले की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मैत्रिणींसमोर सगळे ओतून मोकळी होते.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "मेधा, तू तिथे नक्की करतेस काय गं?"

पाच वर्षं झाली, मला अजून एका वाक्यात उत्तर देता येत नाही. मी पर्यावरण अभियंता आहे, एका आंतरराष्ट्रीय शांतिसेनेच्या मिशनमध्ये. सैनिक शांतता सांभाळतात आणि मी सैनिकांचं सांडपाणी सांभाळते. देशाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी आमच्या चाळीत त्याला 'आफ्रिका' एवढंच म्हणतात. या सगळ्या गोंधळात एकदा एका आख्ख्या गावाचं पाणी जायची वेळ आली होती. तो किस्सा शेवटी सांगते, कारण त्यात काय झालं ते मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही.

\*

मी निघाले तेव्हा चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत बातमी पसरली होती की मेधा मिलिटरीत गेली. शेजारच्या सावंतकाकी ओवाळायला ताट घेऊन आल्या.

"बंदूक जड आसता काय गो?"

"काकी, बंदूक नाही हो. मी तिथली गटारं बघणार."

ओवाळणारा हात मधेच थांबला. काकींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गॅलरीतून खाली पाहिलं. "गटारां बगूक आफ्रिकेत? हयसर काय कमी आसत?"

प्रश्न बरोबरच होता! तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, आरामखुर्चीतून बोलले. अण्णांनी उभी हयात गिरणीत मागावर काढली. गिरणी गेली तरी त्यांचा आवाज मागाच्या खडखडाटावर चढवलेलाच राहिला. ते ओरडले, "अगो, ती आंतरराष्ट्रीय गटारां आसत!"

काकींचं समाधान झालं. ताट पुन्हा फिरू लागलं.

\*

आमची छावणी म्हणजे कंटेनरची वसाहत. चार देशांच्या तुकड्या, आणि सगळ्यांच्या मैल्यासाठी एकच प्लँट. प्लँटमध्ये जंतू पाळलेले असतात. ते घाण खातात, पाणी निवळतं आणि झाडांना घालता येतं. जंतू जगले तर प्लँट, मेले तर डबकं. इतकं सोपं आहे ते.

माझे जंतू दर रविवारी मरायचे. सोमवार ते शनिवार ठणठणीत, रविवारी सकाळी सगळे गार! मी तापमान तपासलं, पंप तपासले, एक आठवडा तर प्लँटच्या मागे खुर्ची टाकून बसले. शेवटी कळलं की शनिवारी तुकड्यांचं इन्स्पेक्शन असतं. त्यासाठी सैनिक संडासात बादल्या बादल्या ब्लीच ओततात, ते वाहत प्लँटमध्ये येतं, आणि माझे जंतू शहीद होतात.

गेले एका तुकडीच्या कर्नलसाहेबांकडे. करारी माणूस, बुटात तोंड दिसेल असा.

"मॅडम, माझ्या तुकडीच्या संडासात बसून तुम्ही जेवू शकता!" ते अभिमानाने म्हणाले.

"सर, तोच प्रॉब्लेम आहे. जंतूंना तिथे जेवायला काही उरतच नाही."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "म्हणजे मी संडास घाण ठेवू?"

"घाण नाही, सर. थोडे कमी स्वच्छ."

"लेखी द्या."

मी दिलं! 'संडास बेताचे स्वच्छ ठेवावेत', खाली सही, शिक्का. साहेबांनी ते लॅमिनेट करून दारावर लावलं. पुढच्या शनिवारी वरून जनरल आले, त्यांनी दारावरचा आदेश वाचला, आत डोकावले आणि वहीत शेरा मारला: 'आदेशापेक्षा जास्त स्वच्छ. कारण द्या.'

\*

मेलेल्या जंतूंच्या जागी नवे घालायला ताजं शेण लागतं. हे आपल्याकडच्या कुठल्याही प्लँट ऑपरेटरला ठाऊक असतं. मी स्टोअरमध्ये गेले. स्टोअर मेल्विनकडे. मेल्विन गिरगावचा, ईस्ट इंडियन कॅथलिक, त्याच्या चार पिढ्या तिथल्याच. लांबच्या देशात गिरगाव आणि चिंचपोकळी म्हणजे सख्खे शेजारी. त्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून भांडत होतो.

"शेण? फॉर्म भर," मेल्विन म्हणाला.

फॉर्ममध्ये रकाने होते. उत्पादक, मॉडेल नंबर, एक्स्पायरी डेट.

"मेल्विन, गाईचं शेण आहे रे!"

"मला माहितीय गं. सिस्टीमला माहीत नाय ना! आणि तीन कोटेशन आण."

आमचा दुभाषा जोसेफ मला पलीकडच्या गावातल्या म्हाताऱ्या मुखियाकडे घेऊन गेला. छावणीची जमीनही त्यांचीच होती, मिशनला वापरायला दिलेली. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणायला लागले, आणि नंतर तोंडावरही. त्यांनी विचारलं, शेण कशाला? मी दहा मिनिटं जंतू, ऑक्सिजन, गाळ असं सगळं समजावलं. जोसेफने त्याचं एकाच वाक्यात भाषांतर केलं. आजोबा पोट धरून हसले आणि हो म्हणाले.

"काय सांगितलंस रे?" मी विचारलं.

"बाईंचं मशीन उपाशी आहे, असं सांगितलं."

एक कोटेशन आजोबांचं, एक त्यांच्या भावाचं, एक बहिणीचं. तिघांनीही लिहून दिलं, 'फुकट.' आता आली का पंचाईत! तीन शून्यांतलं सगळ्यात कमी शून्य कुठलं? मेल्विनने कपाळाला हात लावला, प्रकरण समितीकडे गेलं. समितीने दर्जा तपासायचं ठरवलं, आणि पाहणीसाठी त्या चकचकीत बुटांसकट कर्नलसाहेब गोठ्यात उतरले.

तोवर मेल्विनने आणि मी भर दुपारी दोन बादल्या गुपचूप प्लँटमध्ये ओतल्या होत्या. जंतू जगले. समितीचा अहवाल पुढच्या महिन्यात आला: 'प्लँट आपोआप सुधारल्यामुळे शेणाची गरज नाही.'

\*

पाण्याचे नमुने तपासायला राजधानीत पाठवावे लागत. त्यासाठी हेलिकॉप्टर. नमुन्यांचा डबा चोवीस तासांत पोचला नाही तर सगळं फुकट, म्हणून मी फॉर्मवर मोठ्या अक्षरांत 'अतितातडीचे' लिहायचे.

एकदा जागा कमी पडली. वैमानिकासारखा गॉगल लावलेला एक जण यादी घेऊन आला. त्याने डबा उचलला, सीटवर ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि मला म्हणाला, "तुम्ही उतरा."

"अहो, तो माझा नमुना आहे! मी त्याच्यासोबत आहे!"

"तो अतितातडीचा आहे. तुमच्या नावापुढे काही लिहिलेलं नाही."

सांडपाणी उडालं, मी धुरळ्यात उभी! संध्याकाळी राजधानीहून मेसेज आला, 'नमुना सुखरूप. सोबतची व्यक्ती गहाळ. बदली पाठवावी.'

\*

आता नळाबद्दल सांगते.

छावणीत मिशनची एक बोअर होती, पाणी गोड. कुंपणाबाहेरच्या गावात मात्र बाया आटलेल्या ओढ्यात खड्डा करून वाटीवाटीने पाणी भरत. मला ते बघवेना. चाळीत वाढलेल्या बाईला दुसऱ्या बाईची रिकामी कळशी बघवत नाही, त्याला पर्यावरणाची पदवी लागत नाही. परवानगी काढली, कुंपणातून एक पाइप बाहेर नेला आणि नळ बसवला. पहिल्या दिवशी आजोबांनी पाणी ओंजळीत घेतलं, प्यायले आणि उरलेलं डोळ्यांना लावलं. मी तोंड फिरवून उभी राहिले, कारण मला रडू येत होतं.

पुढच्याच आठवड्यात छावणीत स्वच्छता मोहीम होती. मी उत्साहात कर्नलसाहेबांचे वीस जवान घेऊन कुंपणाबाहेरही गेले. नळाजवळ ही घाण! फुटके डबे, एकेकटी चप्पल, विटांचे तुकडे, दगड, सगळं वेडंवाकडं एका ओळीत पडलेलं. जवानांनी अर्ध्या तासात जागा आरशासारखी केली. मी फोटो काढले, अहवालात लावले, 'कचरामुक्त पाणवठा'.

तासाभराने नळावर भांडण पेटलं. काय भांडण! शंभर बाया, एकाच वेळी, माझ्याकडे हात करकरून. जोसेफसुद्धा कुंपणाच्या आत राहून भाषांतर करत होता.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, बाईंनी आमच्या रांगेला ट्रकमध्ये घातलं."

मला अजूनही उलगडेना. रात्री अण्णांना फोनवर सांगितलं. पलीकडून चाळीतल्या चारही मजल्यांना ऐकू जाईल असा आवाज:

"चाळीत वाढलंस आणि लोकांचे नंबर उचललंस?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आमच्या चाळीत कॉमन नळापुढे पहाटे चारपासून डबा, वीट, फुटकी बादली ठेवून नंबर लावत. माझी स्वतःची एक हिरवी, कान तुटलेली बादली होती! दुसऱ्या दिवशी मी ट्रकभर कचरा परत आणला. कुठला दगड कुणाचा ते बायांनी बरोबर ओळखलं. कर्नलसाहेबांनी मात्र वीस जवान लावून ते दगड उंचीप्रमाणे ओळीत मांडून दिले, त्यावरून पुन्हा भांडण झालं.

\*

मग एक दिवस पत्र आलं, आमची छावणी बंद होणार. जमीन मालकाला परत द्यायची, आणि ती 'पूर्वी होती तशी'. तशी आहे, असं मी सही करून द्यायचं.

पूर्वी कशी होती? मी जुनी फाइल काढली. छावणी सुरू झाली तेव्हा माझ्या आधीच्या माणसाने घाईघाईत एक पान भरलं होतं. झाडं: एक. प्राणी: एक. बांधकाम: नाही. सोबत एक फोटो, उजाड माळ, एक काटेरी झाड आणि झाडाखाली कॅमेऱ्याकडे बघणारी बकरी. बस्स!

मुख्यालयातून एक तपासनीस आले. सडपातळ, विनयशील, आणि कागदावर असेल तेवढंच जगात आहे असं मानणारे. त्यांनी फोटो पाहिला, माळ पाहिला, कागदावर झाडापुढे टिक केली.

"बकरी?" त्यांनी विचारलं.

"सर?"

"पूर्वी एक प्राणी होता. आता शून्य आहे. फरकाचं कारण द्यावं लागेल."

मला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते! मी जोसेफला पळवलं. आजोबांनी फोटो हातात घेऊन बकरीला ताबडतोब ओळखलं, तिची आठवण काढून हळहळले, आणि निरोप पाठवला, "ती गेली. तिची नात चालेल का?"

तपासनीसांनी नियम वाचला, विचार केला आणि म्हणाले, "त्याच कुटुंबातली असेल तर चालेल."

\*

बकरीवर मी पोटभर हसले असते. पण त्याच पानावर खाली आणखी एक रकाना होता, 'पाण्याचा स्रोत'. त्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. 'आहे' नाही, 'नाही' पण नाही. कोरं.

नियमाप्रमाणे कोरं म्हणजे 'नाही'. पूर्वी बोअर नव्हती, म्हणजे आता तिच्यात सिमेंट ओतून ती बुजवायची आणि नळ उपटायचा. तपासनीस तीन दिवसांत माळाचा बाकीचा भाग संपवून बोअरपाशी येणार होते. मी मुख्यालयाला तीन पत्रं लिहिली, गावाला दुसरं पाणी नाही म्हणून. तिन्हींना एकच उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.' आणि बोअर आमचीच होती यात शंका घ्यायला जागा नव्हती, तिच्या पाइपवर मिशनचा नंबर ठसठशीत रंगवलेला! मी खोटं लिहिणार नव्हते. खरं लिहिलं तर बाया पुन्हा ओढ्यातल्या खड्ड्यावर.

अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ला देण्याऐवजी एक जुनी गोष्ट सांगितली. गिरणी बंद पडली त्या काळात आमच्या चाळीत एक साहेब नळ तोडायला आले होते. त्यांच्या नोंदीत एकच नळ होता, चाळीत होते दोन. अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "सायबानू, हो नळ चाळीच्याय आदीचो आसा!" साहेबांना प्रश्न पडला की चाळ नव्हती तर नळावर पाणी भरायचं कोण? ते तासभर गॅलरीत बसून विचार करत राहिले, मग दुसरा चहा पिऊन निघून गेले. तो नळ अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आजोबांच्या ओसरीवर बसले होते. नळ जाणार, हे मला त्यांना सांगायचं होतं. ते सांगितलं, आणि मग पुढे काय बोलावं ते न सुचून अण्णांची गोष्टही सांगून टाकली. जोसेफने या वेळी वाक्यन् वाक्य भाषांतर केलं. आजोबा हसले नाहीत. हे गृहस्थ बकरीच्या नातीला आजी म्हणून खपवायला तयार नव्हते, इतके सरळ. त्यांनी एवढंच विचारलं:

"तुझे वडील खोटं बोलतात का?"

मी गोंधळले. "नाही," मी म्हटलं. "अण्णा कधीच... नाही."

आजोबांनी मान हलवली आणि गुरांकडे गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही बोअरपाशी जमलो. तपासनीस, जोसेफ, आजोबा, मी. मेल्विनला कुणी बोलावलं नव्हतं, पण तो आधीच येऊन बोअरच्या पाइपला पाठ टेकून उभा होता, आणि ऊन कितीही चढलं तरी तो जागचा हलला नाही. कुंपणापलीकडे डबे, दगड, चपला ओळीत लागलेल्या. बाया भरायचं थांबवून बघत होत्या.

तपासनीसांनी आजोबांना विचारलं, "ही बोअर कधीची आहे?"

आजोबा बराच वेळ बोलले. जोसेफ म्हणाला, "ही छावणीच्याही आधीची आहे."

"कशावरून?"

आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. जोसेफने भाषांतर केलं. "ते म्हणतात, हिचे वडील असं सांगतात. आणि हिचे वडील खोटं बोलत नाहीत."

तपासनीस माझ्याकडे वळले. "तुमचे वडील पाण्याच्या कामात आहेत?"

"म्हणजे... चाळीस वर्षं त्यांनी पाणी... पहाटे..." माझं मलाच कळेना मी काय बोलतेय.

"ते कुठे असतात?"

"चिंचपोकळी, सर," मेल्विन म्हणाला, पाइपला टेकूनच.

"कुठल्या विभागात येतं?"

"सेंट्रल, सर." रेल्वेच्या हिशेबाने ते खरंच होतं.

तपासनीसांनी मान डोलावली, पेनाचं टोपण काढलं आणि कोऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं: 'पाण्याचा स्रोत: पूर्वीपासून. दुजोरा: चिंचपोकळी.' मग कागद माझ्यापुढे धरला. मी हजर राहिल्याची सही केली. कुंपणापलीकडे कुणीतरी नळ सोडला.

मी अण्णांना फोन लावला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मागे चाळीत बादली भरल्याचा आवाज येत होता.

"नळ चालू आसा मां?" त्यांनी विचारलं.

"हो, अण्णा."

"मग माका सही खंय करूची, ता सांग."